स्टिकर नंतर, आधी डिपस्टिक!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा निवांत चक्कर मारून बघा. टू-व्हीलर्सच्या गर्दीत पाच-सात चारचाकी हमखास दिसतात. घरी नवी गाडी आली म्हणून पोराच्या वाट्याला आलेली जुनी स्विफ्ट, ताईचं लग्न झाल्यावर उरलेली आय-टेन, नाहीतर साठवलेल्या पैशांत आणि आजोबांच्या मदतीत मिळवलेली सेकंड हँड अल्टो. मागच्या काचेवर भलंमोठं स्टिकर, काचांना काळी फिल्म, बंपरखाली दोन जाड नळकांडी (त्यातलं एक नुसतं शोभेचं), आणि पुढे पांढरेफटक एलईडी. एकदम भारी!

आता जरा खाली वाकून त्याच गाडीचे टायर बघा. मधली नक्षी जवळजवळ पुसलेली. वायपरचं रबर फाटलेलं. ‘ऑइल शेवटचं कधी बदललं रे?’ असं मालकाला विचारलं, तर उत्तर येतं, ‘ते बाबा बघतात.’

मला बोलायचंय ते या उत्तराबद्दल. गाडीचं वेड असणं मस्तच आहे. ज्यांना ते नसतं त्यांची मला थोडी कीवच येते. पण आपल्याकडे हे वेड बहुतेक वेळा गाडीच्या बाहेरच्या पत्र्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. बॉनेटच्या आत काय चाललंय हे माहीत नसताना बाहेर हजारो रुपये ओतणं म्हणजे ताप अंगात असताना हेअर स्टाइल करून घेण्यासारखं आहे. माझं म्हणणं साधं आहे: ज्याला आपल्या गाडीची डिपस्टिक कुठे आहे हे माहीत नाही, त्याने गाडीत एक स्क्रूसुद्धा बदलू नये. आणि ज्याला माहीत आहे, त्याने खुशाल हात काळे करावेत. त्याच्याइतकी गाडी दुसऱ्या कुणाची होत नाही.

फियाटच्या डिकीतला पाना

तुमच्या घरात कुणाकडे फियाट होती का, विचारून बघा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ती प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. त्या काळातल्या फियाटवाल्याच्या डिकीत स्टेपनीशेजारी एक कळकट पिशवी असायची. तिच्यात दोन-चार पाने, पक्कड, प्लग काढायचा सॉकेट, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एखादा जास्तीचा फॅन बेल्ट. घाटात गाडी गरम झाली की सगळे खाली उतरायचे, बॉनेट वर जायचं आणि बँकेत नोकरी करणारा माणूस बाह्या वर करून आत डोकं घालायचा. सकाळी गाडी मिसिंग मारायला लागली की प्लग काढून घासणं हे दाढी करण्याइतकंच नेहमीचं काम होतं.

मग १९८३ साली मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला कळलं की गाडी रोज न कुरकुरता सुरू होऊ शकते. तेव्हापासून गाड्या सुधारत गेल्या. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, चोक ओढायची गरज संपली. आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर बऱ्याचदा वर फक्त प्लास्टिकचं एक चकचकीत झाकण दिसतं. हे सगळं चांगलंच झालं. पण गाडी बिघडेनाशी झाली, तशी आपली तिच्याशी ओळखही सुटली.

याचा सगळ्यात मजेशीर नमुना इंजिनीअरिंग कॉलेजात दिसतो. ऑटो सायकलचा आलेख फळ्यावर झोपेतही काढू शकणारी मुलं पंक्चर झालं की हेल्पलाइनला फोन लावतात. आणि कॉलेजच्या गेटबाहेरच्या गॅरेजमध्ये काम करणारा, त्यांच्याच वयाचा मुलगा नुसता आवाज ऐकून ‘फॅन बेल्ट सैल झालाय’ असं सांगतो. यात दोघांचंही नुकसान आहे. एकाला का ते माहीत आहे पण कसं ते माहीत नाही, दुसऱ्याला कसं ते माहीत आहे पण का ते कुणी सांगितलेलं नाही. हात काळे करणं हे ‘आपलं’ काम नव्हे, असं आपण कधीतरी ठरवून टाकलं. त्याची किंमत आपण प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलात मोजतो. बिलावर ‘केबिन फिल्टर’, ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’, ‘इंजिन ड्रेसिंग’ असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि आपण मान डोलावून कार्ड पुढे करतो. यातलं काय गरजेचं होतं आणि काय नुसतं बिल फुगवायला होतं, हे विचारायचं धाडस माहितीशिवाय येत नाही.

रविवारचा अर्धा तास

सुरुवात कुठून करायची? डॅशबोर्डच्या खणातून. तिथे मालकाचं मॅन्युअल बहुधा प्लास्टिकच्या पिशवीसकट पडलेलं असतं. ते काढा. तुमच्या गाडीला कुठल्या ग्रेडचं ऑइल लागतं, टायरमध्ये हवा किती, कुठला फ्यूज कशाचा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. रील्सवरचा कुठलाही ‘एक्स्पर्ट’ तुमच्या गाडीला तिच्या मॅन्युअलपेक्षा जास्त ओळखत नाही.

मग डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. कांडी ओढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली असेल तर इंजिन स्वतःला खात बसलंय. आणि वरच्या खुणेच्या वर ओतलेलं ऑइल म्हणजे ‘जास्त काळजी’ नव्हे. त्याने फेस होतो आणि सील जातात. ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. गाडी सुरू न करता थेट मेकॅनिकला बोलवा.

टायर. हवा थंड टायरमध्येच तपासायची, म्हणजे सकाळी गाडी काढण्याआधी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. पेट्रोल पंपावरच्या मशीनवर भरवसा नसेल तर काहीशे रुपयांत स्वतःचा गेज मिळतो. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे दिसतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलीमीटर उरली, की टायर संपला. आणि टायरचं वयही बघा. कडेवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. सेकंड हँड गाडी घेताना मीटर मागे फिरवणारे भेटतात, टायरचा वाढदिवस बदलणारे सहसा भेटत नाहीत. कंपनीचे मूळ टायर असूनही आकडे आणि किलोमीटर जुळत नसतील तर प्रश्न विचारा. आणि हो, स्टेपनीची हवा! ती शेवटची कधी बघितली होती?

बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने साफ करा, कोरडं करा, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा नियम पाठच करा, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. स्वस्तातला मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४च्या आसपास. चालू गाडीतही आकडा वर जात नसेल तर दोष बॅटरीचा नाही, ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या वायरिंगचा आहे. एवढं कळलं तरी विनाकारण नवी बॅटरी गळ्यात पडत नाही.

फिल्टर. एअर फिल्टरच्या डब्याला बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपा किंवा दोन-चार स्क्रू असतात. एसीचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि पाच मिनिटांत निघतो. तो पहिल्यांदा काढाल तेव्हा आत अडकलेली धूळ, पानं आणि किडे बघून तुम्हाला कळेल की एसीतून तो कुबट वास का येत होता.

आणि आपल्याकडे पाऊस आहे म्हणून एक खास काम. मृग लागायच्या आधी पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी असते ती साफ करा. गुलमोहराच्या नाहीतर कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर तिथे पाल्याचा अक्षरशः गठ्ठा निघतो. हा पाला पाण्याची वाट अडवतो, मग पाणी आत पायाखालच्या कार्पेटमध्ये झिरपतं आणि तिथल्या वायरिंगपर्यंत पोचतं. दारांच्या खालच्या कडेला असलेली छोटी भोकंसुद्धा काडीने मोकळी करा. खर्च शून्य, फायदा काही हजारांचा.

घाटात पाय आत गेला तर...

ब्रेक फ्लुइडवर वेगळं बोलायला हवं, कारण वीकेंडला लोणावळा, ताम्हिणी, आंबोली करणारे तुम्हीच आहात. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेतं. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. पण पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आता पाच जण आणि सामान भरलेली गाडी घाट उतरतेय, ड्रायव्हर गिअर न वापरता सतत ब्रेक दाबतोय, ब्रेक तापलेत. आत उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं आणि पाय नुसता आत जातो. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. अकरावीच्या फिजिक्समधली गोष्ट आहे ही.

म्हणून फ्लुइड साधारण दोन वर्षांनी बदला, मॅन्युअलमध्ये काय मुदत आहे ती बघा, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. फ्लुइडची पातळी खाली गेली असेल तर नुसती वरून भर घालून मोकळे होऊ नका. एकतर ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. पातळी घटणं म्हणजे गाडीने दिलेली सूचना आहे, ती बुजवून टाकू नका.

गंमत बघा. फ्लुइड बदलायला जो खर्च येतो, तो एका बऱ्यापैकी स्टिकर किटपेक्षा कमी असतो. पण फ्लुइड कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो टाकता येत नाही, त्याला लाइक मिळत नाहीत. आपल्या मॉडिफिकेशनच्या वेडाची खरी गोची इथे आहे. जे दिसतं त्यावर खर्च होतो, जे वाचवतं त्यावर होत नाही.

तुमचा शौक, दुसऱ्याचे डोळे

आता बदलांकडे वळू. हेडलाइटपासून सुरुवात करू, कारण त्याचा त्रास मालकाला होतच नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत एच-४ हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. हेडलाइटमागचा आरसा त्या बल्बच्या तारेच्या नेमक्या जागेप्रमाणे बनवलेला असतो. म्हणूनच प्रकाश रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या तोंडावर नाही. त्याच घरात स्वस्तातला एलईडी बसवला की प्रकाशाचा उगम हलतो आणि सगळीकडे फवारा उडतो. तुम्हाला वाटतं, वा, काय उजेड पडलाय! समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या काकांना दोन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी साठच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. तेवढ्या अंतरात खड्डा असतो, गाय असते, रस्त्याकडेने चालणारं कुणीतरी असतं.

जास्त वॅटचा बल्ब लावणाऱ्यांनी जरा गणित करावं. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० ॲम्पिअर करंट घेतात. १०० वॅटचे दोन घेतात जवळजवळ १७. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. वायर मात्र तीच, कंपनीने १० ॲम्पिअर धरून घातलेली. मग होल्डर वितळतो, जळका वास येतो, फ्यूज उडतो. आणि इथे आपला लाडका जुगाड सुरू होतो: १५ ॲम्पिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३०चा हिरवा ठोकायचा, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. फ्यूज उडतो म्हणजे तो त्याचं काम करतो. त्याला गप्प केलंत तर पुढचं काम वायर करते, आणि वायर जळताना आधी विचारत नाही.

ॲक्सेसरीच्या दुकानात मूळ वायर कापून, दोन टोकं पिळून, वर टेप गुंडाळून जे ‘फिटिंग’ दहा मिनिटांत होतं, त्याबद्दलही हेच. काही बसवायचंच असेल तर कपलर वापरणाऱ्याकडे जा, वेगळा फ्यूज आणि रिले घालून मागा. ‘कापाकापी नको’ हे वाक्य ठामपणे म्हणायला शिका.

मोठे अलॉय? दिसतात झकास. पण रिम मोठी झाली की टायरची उंची कमी होते, आणि आपल्या खड्ड्यांत तो उरलेला पातळ टायर रिमला वाचवू शकत नाही. चाकाचा एकूण व्यास बदलला तर स्पीडोमीटर खोटं बोलतो. टायर रुंद झाला की स्टिअरिंग जड आणि ॲव्हरेज कमी. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांना तर प्रत्येक सोसायटीचा स्पीड ब्रेकर भेटणारच आहे. कापलेली स्प्रिंग जागेवरून सुटू शकते, हे मात्र दुकानदार सांगत नाही.

सायलेन्सर काढून ‘फ्री फ्लो’ लावणाऱ्यांना एवढंच विचारते: छोट्या इंजिनात त्याने मिळणारी ताकद पायाला जाणवते का, की फक्त कानाला? आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवला तर वर धूर विषारी होतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो तो वेगळाच. दवाखान्याच्या गल्लीत, परीक्षेच्या रात्री, बाळ झोपलेल्या घराखाली हा आवाज काय करतो, हे तुम्ही त्या घरात असता तेव्हाच कळतं.

दंड बाबांच्या नावावर

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीची आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. रंग बदलायचा तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच बडगा उगारला. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. ४१४१ हे आकडे वाकवून ‘दादा’ लिहिण्याचे दिवसही हाय सिक्युरिटी नंबर प्लेटने संपवत आणलेत.

आता यातली मेख ऐका. बदलाचा गुन्हा गाडीच्या मालकावर लागतो. आणि तुमच्यातल्या बहुतेकांच्या आरसीवर नाव असतं बाबांचं, नाहीतर आईचं. शौक तुमचा, नोटीस त्यांना. अपघात झाला आणि इन्शुरन्स कंपनीला न कळवलेला बदल सर्व्हेअरच्या नजरेत आला, तर क्लेमही अडतो. हप्ते भरणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलंत का?

सगळेच नियम डोळे झाकून मानायचे का, असा प्रश्न येईलच. त्यामागची कारणं बघा आणि मग ठरवा. पुढे लावलेला लोखंडी क्रॅश गार्ड घ्या. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं. कारण धडकेत पुढचा भाग चेपला जाऊन धक्का शोषला जावा आणि सेन्सरला नेमका अंदाज येऊन एअरबॅग वेळेवर उघडावी, अशी गाडीची रचना असते. गार्ड ही साखळीच तोडतो. आणि पादचाऱ्यासाठी तो नुसता लोखंडाचा दांडा असतो. बंपरवरचा ओरखडा वाचवायला माणूस पणाला लावायचा, हा सौदा मला तरी पटत नाही.

‘घरच्या घरी’ कुठे थांबतं?

हात काळे करा म्हणतेय, म्हणून सगळंच स्वतः करा असं नाही. काही रेषा ओलांडायच्या नाहीत.

• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका सेकंदासाठीही जायचं नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली जायचं तर जॅक स्टँड लावा, चाकांना दगड किंवा वीट लावा, हँडब्रेक ओढा.

• चाकाचे नट गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करा. लावताना एकाआड एक, समोरासमोरचे आवळत जा.

• गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी तोंडावर येतं. आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी हा फक्त घरी पोचण्यापुरता उपाय आहे.

• एअरबॅग, तिची वायरिंग, सीएनजी किट आणि सिलिंडर, इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड केबल्स यांना हात नाही. तिथे प्रशिक्षित माणूसच हवा. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्या.

• काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, ते गोळा करणारे असतात.

आणखी एक. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आता स्वस्तात मिळतो आणि चेक इंजिनचा दिवा का लागला त्याचा कोड मोबाइलवर दाखवतो. जरूर घ्या. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी-०३०० आला म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय एवढंच कळतं. दोष प्लगचा, कॉइलचा की पेट्रोलचा, ते शोधावं लागतं. कोड पुसून दिवा घालवणं म्हणजे थर्मामीटर फोडून ताप उतरवणं.

मग मॉडिफाय करायचंच नाही का?

करा की! चांगले टायर हा सर्वांत भारी बदल आहे. कंपनीने सांगितलेल्या मापाचे, पण उत्तम प्रतीचे. उत्तम ब्रेक पॅड, धुरकटलेल्या हेडलाइटच्या काचेला पॉलिश, घरातल्या उरलेल्या कापडातून शिवलेली सीट कव्हर्स (सीटमध्ये एअरबॅग असेल तर तेवढी जागा मोकळी ठेवून), दारांच्या आत आवाज कमी करणाऱ्या शीट्स, चांगले स्पीकर. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्यात एक दिवस नुसते हिंडा. काय काय मिळतं ते बघा, भाव विचारा, खरा-खोटा पार्ट ओळखायला शिका. ही शाळाच आहे.

आणि खरंच गाडी स्वतः घडवायची असेल तर तुमच्याच कॉलेजात रस्ता आहे. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७पासून होते. विद्यार्थ्यांचे संघ एका माणसाची खडकाळ वाटेवर पळणारी गाडी स्वतः डिझाइन करतात, वेल्डिंग करतात, जोडतात. इंजिन सगळ्यांना ठरवून दिलेलं असतं. म्हणजे ‘माझं इंजिन मोठं’ हा माज तिथे चालत नाही. कस लागतो तो चेसिसच्या वजनाचा, सस्पेन्शनचा, डोक्याचा. आणि शर्यतीआधी ब्रेक टेस्ट असते. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झाली पाहिजेत, नाहीतर गाडी ट्रॅकवर उतरत नाही. वर्षभर रात्री जागून बनवलेली गाडी या एका चाचणीत अडकू शकते. आधी थांबता येतं का ते दाखव, मग पळ. आपल्या रस्त्यांवरच्या शौकिनांनी एवढा एक नियम उचलला तरी पुष्कळ आहे.

पाना कुणाच्या हातात?

मुलींनो, आता तुमच्याशी. घरात गाडीचं बॉनेट उघडलं की हाक कुणाला जाते? दादाला. ‘तू आत चहा टाक’ हे तुम्हाला. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन्स मिळतं, गाडी चालवता येते, पण पंक्चर झालं की ‘बाबांना फोन कर’. चाक बदलायला पैलवान लागत नाही. पान्याच्या दांड्यावर पायाने वजन टाकलं की नट सुटतो. तरफेचं तत्त्व मुलगा-मुलगी बघत नाही. रात्री नऊ वाजता हायवेच्या कडेला अनोळखी माणसाची वाट बघत बसायचं, की वीस मिनिटांत चाक बदलून निघायचं, हा प्रश्न आपल्यासाठी छंदाचा नाही. पुढच्या रविवारी दादाच्या आधी बॉनेटपाशी जाऊन उभ्या राहा.

आणि सगळ्यांनाच सांगते, तुमच्या भागातल्या एका तरी मेकॅनिकशी ओळख करून घ्या. गाडी टाकून निघून जाऊ नका, शेजारी उभे राहा. ‘काका, हे का बदलताय? जुना पार्ट दाखवता का?’ असं विचारा. चांगला मिस्त्री अशा प्रश्नांनी खूश होतो. जो चिडतो, त्याच्याकडे परत जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शिकवलं तर त्याच्या वेळेचे पैसे द्या. आपण कोचिंग क्लासला देतोच ना?

‘वेळ कुठे आहे?’ हे उत्तर मला माहीत आहे. अर्धा तास, पंधरा दिवसांतून एकदा. एका वेब सीरिजच्या एका एपिसोडपेक्षा कमी. ‘आमची गाडी वॉरंटीत आहे’ हेही माहीत आहे. हवा, ऑइलची पातळी, वायपर, टायर तपासल्याने कुठलीच वॉरंटी जात नाही. वायर कापल्याने जाते.

येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत खाली उतरा. एक जुनं फडकं, हवेचा गेज आणि ते मॅन्युअल घ्या. बॉनेट उघडा. डिपस्टिक शोधा. सोबत घरातल्या कुणालातरी घ्या, ज्याने फियाट चालवली असेल त्याला तर नक्कीच. स्टिकर लावायला काय, अख्खं वर्ष पडलंय.